अंगणात बोलती झालेली मुले : ताराबाई मोडक

बोर्डी आणि कोसबाड ही गावे आज पालघर जिल्ह्यात मोडतात. परंतु २०१४ पर्यंत ती ठाणे जिल्ह्यातच होती. त्यामुळे बालशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या ताराबाई मोडक यांच्या कार्याशी ठाणे-कल्याण परिसरातील आपणा सर्वांचे जुने नाते आहे.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. १९१४ साली ताराबाई पदवीधर झाल्या. अमरावतीचा संसार टिकला नाही. पदरी लहान मुलगी होती. राजकोटच्या अध्यापन विद्यालयातील प्राचार्यपद सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली.

दोघांनीही मादाम माँटेसरींची पद्धती स्वीकारली, परंतु डोळे मिटून नव्हे. लटक्या खेळापेक्षा प्रत्यक्ष काम श्रेष्ठ, असा माँटेसरींचा कल होता. गिजुभाई आणि ताराबाई यांनी मात्र गोष्ट, गाणे आणि नाट्य यांना बालमंदिरात मानाचे स्थान दिले. आमच्या मते, मुलांच्या वाणीच्या दृष्टीने हा निर्णय फार मोलाचा ठरला.

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा शंख-शिंपले, खडे, बिया आणि पाने हीच साधने झाली. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी आकारास आली. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण लाभले आणि १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचवले.

या चरित्राचा अर्थ आम्हा शिक्षकांना रोज भेटतो. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांतून वा कल्याणच्या वस्त्यांतून आलेले मूल वर्गात गप्प बसते, आणि त्याच्यावर मंद बुद्धीचा शिक्का मारला जातो. तेच मूल भातुकलीत आई झाले, एस.टी.चा कंडक्टर झाले किंवा बाजारात मासळी विकू लागले की अखंड बोलते; घासाघीस करते, रागावते, समजूत काढते. शब्द त्याच्यापाशी होतेच. ते वापरण्याचे निमित्त मात्र हवे होते. लटक्या खेळात चूक होण्याचे भय नसते आणि घरची बोली हसण्याचा विषय ठरत नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे की, मूल दुकान मांडून बसले असता दहा मिनिटे गिऱ्हाईक व्हावे. भाव विचारावा, उधारी मागावी, उत्तराची वाट पाहावी. तेव्हा व्याकरण सुधारू नये. शुद्ध वाक्य आपल्या बोलण्यातून सहज त्याच्या कानी पडू द्यावे. याला पैसा लागत नाही. खडे आणि पाने पुरतात. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या बोलण्याचा अधिकार नाकारला गेला, त्याच्या लेकरांचा पहिला शब्द आपण ऐकून घेतलाच पाहिजे.