जे. एस. एस. रोडवरचे नाना

चिराबाजार, ठाकूरद्वार, गिरगाव असं करत ज्या रस्त्याने आपण सगळे दहा वर्षं शाळेत गेलो, त्याला आपण जे. एस. एस. रोडच म्हणत आलो. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करताना पत्त्याच्या रकान्यात माणसांची नावं अशी आक्रसलेली मी रोज पाहते. या तीन अक्षरांत जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे नाना शंकरशेट आहेत. आपल्या शिक्षणाशी त्यांचा जवळचा संबंध आहे, म्हणून स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाडचा. घराणं धनवान व्यापाऱ्यांचं. ऐन तरुणपणी पेढी हाती आली, पण त्यांनी पैसा आणि वजन दोन्ही शहरासाठी खर्च केलं. मुंबईत रेल्वे यावी म्हणून १८४५ पासून खटपट करणाऱ्यांत ते होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तिच्या प्रवाशांतही ते होते.

मला जास्त मोलाची वाटते ती त्यांची शिक्षणासाठीची झुंज. सरकारी शिक्षण मंडळाचे ते सुमारे सोळा वर्षं सभासद होते. मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा भर इंग्रजीवर होता. नानांचं इंग्रजीशी वैर नव्हतं, एल्फिन्स्टनसारख्या संस्थेच्या उभारणीत त्यांचा हात होता. पण सर्वसामान्य मुलांपर्यंत ज्ञान पोचायचं तर ते त्यांच्याच भाषेतून, असं त्यांनी १८४७ च्या वादात अध्यक्षांच्या विरोधात लेखी मांडलं. मराठीतून भूमिती शिकून इंजिनिअरिंगला गेलेल्या माझ्यासारखीला त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट मुलींच्या शाळेची. दादाभाई नौरोजींसारख्या तरुणांनी १८४९ मध्ये मुलींसाठी शाळा सुरू केल्या, तेव्हा मुलीने शिकणं हेच अनेकांना पाप वाटत होतं. अशा वेळी नानांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात मराठी मुलींच्या शाळेला जागा दिली. नुसती देणगी देऊन बाजूला होणं सोपं होतं. स्वतःच्या दारात शाळा भरवणं म्हणजे लोकांचे बोल घरावर ओढवून घेणं. आपल्या वर्गातल्या आम्ही सगळ्या मुली त्या उघड्या दारातूनच पुढे आलो, असं मी मानते.

३१ जुलै १८६५ रोजी नाना गेले. मॅट्रिकला संस्कृतात पहिलं येणाऱ्यासाठी त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती ठेवली गेली. आपल्यातल्या किती जणांनी तिच्यासाठी रात्री जागवल्या, हे संस्कृतच्या बाईंना ठाऊक आहे!

आता त्या रस्त्याच्या पोटातून मेट्रो धावते. जुन्या चाळी पडून टॉवर आले. पत्ते बदलतील, माणसं उपनगरांत जातील. गुरुजनांना आणि मित्रमैत्रिणींना एवढीच विनंती: मुलांना गिरगाव दाखवायला न्याल तेव्हा रस्त्याचं नाव पूर्ण सांगा, आणि त्या वाड्यातल्या शाळेची गोष्टही.