एका वर्षाचा करार

पोरबंदरचे दादा अब्दुल्ला शेठ नाताळमध्ये मोठे व्यापारी होते. त्यांच्या पेढीच्या खटल्यासाठी गांधीजी १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत गेले. करार एका वर्षाचा, मेहनताना १०५ पौंड. घरी कस्तुरबा आणि दोन लहान मुले वाट पाहत होती.

खटला तय्यब शेठ या नातेवाइकाशीच होता. गांधीजींनी दोघांना लवादापुढे नेले. दादा अब्दुल्ला जिंकले, पण सगळी रक्कम एकदम भरावी लागली असती, तर तय्यब शेठचे दिवाळे निघाले असते. गांधीजींनी शेठजींना हप्ते मान्य करायला लावले. माझ्या मते हाच खरा विजय!

काम संपले. डरबनजवळ निरोपाची मेजवानी झाली. तेथे वर्तमानपत्र चाळताना गांधीजींच्या नजरेस एक लहानशी बातमी पडली. नाताळमधील हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेण्याचा कायदा येत होता. सगळ्यांनी त्यांना राहण्याचा आग्रह केला. सांगा, तुम्ही काय केले असते?

गांधीजी एक महिना थांबायला तयार झाले. लोकसेवेचे पैसे मात्र त्यांनी नाकारले. तेव्हा वीसेक व्यापाऱ्यांनी त्यांना आपली वकिलीची कामे दिली. ऑगस्ट १८९४ मध्ये नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली. मध्ये ते मायदेशी येऊन गेले. पण दक्षिण आफ्रिका त्यांनी कायमची सोडली ती १९१४ साली.