जर्मनीला हसवणाऱ्या नटाकडूनच नाझींनी खोटा सिनेमा बनवून घेतला

तीन मित्र कंगाल होतात, गाडी विकून पेट्रोल पंप टाकतात आणि तिघंही एकाच पोरीच्या प्रेमात पडतात. 'दी द्राय फॉन डेर टांकश्टेल' हा १९३० चा जर्मन बोलपट. गाणी तुफान गाजली. त्यात वकील झालेला आडव्या अंगाचा नट म्हणजे कुर्ट गेरॉन.

गडी बर्लिनचा, ज्यू. पहिल्या महायुद्धात जखमी झाला, डॉक्टरकी शिकता शिकता थेट स्टेजवर गेला. 'ब्लू एंजल'मधला जादूगारही तोच.

१९३३ ला हिटलर आला आणि काम बंद. पॅरिस, व्हिएन्ना करत तो अ‍ॅमस्टरडॅमला पोहोचला. पुढे जर्मन फौजाही तिथंच आल्या.

१९४४ मध्ये तो टेरेझिनच्या छावणीत होता. इथं ज्यू मजेत राहतात, असं नाझींना जगाला दाखवायचं होतं. मग फुटबॉलची मॅच, बागकाम, संगीताची मैफल असं सगळं शूट करायला लावलं ते गेरॉनला. आता छावणीतला कैदी नाही म्हणणार तरी कसा?

शूटिंग उरकलं. काही आठवड्यांतच, ऑक्टोबरअखेर, त्याला बायकोसकट ऑशविट्झला पाठवून मारलं. त्या सिनेमाचे आज फक्त तुकडे शिल्लक आहेत.