पिक्चरमधल्या तानसेनच्या मागे तबला वाजतो, पण खऱ्या तानसेनच्या काळात तबला होताच कुठे?

तानसेन म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? हातात भलामोठा तानपुरा, मागे तबला, समोर अकबर बादशाह. हे चित्र आपल्या डोक्यात बसवलं सिनेमाने. १९४३ च्या 'तानसेन'मध्ये कुंदनलाल सैगल तानसेन झाले. १९५२ च्या 'बैजू बावरा'मध्ये सुरेंद्र झाले, त्यांना आवाज होता उस्ताद अमीर खाँसाहेबांचा. गाणी एक नंबर, वाद च नाही. पण खऱ्या तानसेनची मैफल अशी नव्हती.

तानसेन ग्वाल्हेरकडचा. राजा मानसिंह तोमरमुळे तिथे ध्रुपद रुजलेलं, तेच गाणं घेऊन तो मोठा झाला. पुढे बघेल राजा रामचंद्राच्या पदरी त्याने नाव कमावलं. ते नाव अकबराच्या कानावर गेलं आणि १५६२ मध्ये बोलावणं आलं. बादशाहाला नाही कोण म्हणणार? राजाने आपला लाडका गवई धाडून दिला.

अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त दरबारातल्या ३६ कलावंतांची यादी दिलीये. पहिलंच नाव तानसेनचं. आणि वाद्यं? बीन, स्वरमंडल, रबाब, घिचक, सुरना, कानून. सतार आणि तबला यादीत नाहीत, कारण दोन्ही अठराव्या शतकातली. ध्रुपदाला साथ पखवाजाची.

तंबोऱ्याचं प्रकरण जरा वेगळं आहे. यादीत 'तंबूर' आहे, पण अभ्यासक त्याला पडदे असलेलं इराणी वळणाचं वाद्य मानतात. नुसता सूर भरणारा तंबोरा मुघल चित्रांत दिसायला लागतो तो सोळावं शतक संपता संपता आणि पुढे. पिक्चरमध्ये दिसतो तसा मोठ्या भोपळ्याचा तानपुरा तर आपल्या मिरजेच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकापासून घडवला.

बरं, फक्त सिनेमावाल्यांना कशाला बोल लावायचा? हरिदास, तानसेन आणि अकबर एकत्र दाखवणारं किशनगढचं प्रसिद्ध चित्र तानसेन गेल्यावर साधारण १७० वर्षांनी काढलेलं आहे. चित्रकार आपल्या भोवती दिसेल तेच रंगवणार ना!

खरं वाद्य बघायचं तर मन्सूरने काढलेलं नौबत खानचं चित्र बघा. नौबत खान अकबराच्याच दरबारातला बीनकार, परंपरेनुसार तानसेनचा जावई. चित्र त्याच काळातलं, आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. खांद्यावर लांब दांडी, तिला दोन भोपळे. अकबराच्या कानावर रोज पडायची ती ही बीन.

'अकबरनामा'नुसार तानसेन १५८९ मध्ये गेला. अंत्ययात्रेत सगळ्या गवई-वादकांनी लग्नातल्यासारखं वाजवत चालावं, असा अकबराचा हुकूम होता. ग्वाल्हेरला मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्याशेजारी त्याची कबर आहे. दरवर्षी तिथे तानसेन समारोह भरतो. त्यात सतारही वाजते, तबलाही वाजतो.