अबेबे बिकिला : धीर धरणारा, झेपावणारा आणि थांबणारा

शरद ऋतू लागला की बर्लिन, शिकागो, न्यूयॉर्क अशा शहरांतून मॅरेथॉनचा मोसम सुरू होतो. परदेशात स्थिरावलेले अनेक मराठी स्त्रीपुरुषही आता या शर्यतींत आवर्जून उतरतात. कार्यालयीन बैठका सांभाळून पहाटेचा सराव करतात आणि मनगटावरच्या घड्याळात दर किलोमीटरचा वेग न्याहाळतात. पण कुठे आवरायचे, कुठे सुटायचे आणि कुठे थांबायचे, हे कोणतेच घड्याळ सांगत नाही. या तिन्ही प्रश्नांना एकाच आयुष्यात सामोरा गेलेला धावपटू म्हणजे इथिओपियाचा अबेबे बिकिला.

अबेबेचा जन्म ७ ऑगस्ट १९३२ रोजी जातो या डोंगराळ खेड्यात, मेंढपाळाच्या घरी झाला. योगायोग असा की, त्याच दिवशी लॉस एंजेलिसमध्ये ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली जात होती. इथिओपियात आडनावाची प्रथा नाही. अबेबे हे त्याचे नाव, बिकिला हे वडिलांचे. तारुण्याच्या उंबरठ्यावर तो राजधानी अदिस अबाबाला आला आणि सम्राट हैले सेलासी यांच्या शाही रक्षकदलात भरती झाला. तिथे त्याची गाठ ओन्नी निस्कानेन या प्रशिक्षकाशी पडली. फिनलंडमध्ये जन्मलेला हा स्वीडिश गृहस्थ सैनिकांना शारीरिक शिक्षण देण्यासाठी इथिओपियात आला होता. समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीवरच्या विरळ हवेत त्याने अबेबेकडून पद्धतशीर सराव करून घेतला. लांब पल्ल्याच्या धावांना त्याने ठरावीक अंतराच्या जलद फेऱ्यांची जोड दिली. शरीर कणखर होतेच. त्याला वेगाचा अंदाज शिकवला तो या सरावाने.

१९६० च्या रोम ऑलिंपिकला अबेबे गेला तेव्हा जगाला त्याचे नावही ठाऊक नव्हते. मॅरेथॉनचा त्याचा अनुभव अगदी थोडा होता, तोही मायदेशातला. नवे बूट पायाला त्रास देऊ लागले, तेव्हा त्याने सवयीप्रमाणे अनवाणीच धावायचे ठरवले. पुढे या अनवाणी पायांचीच दंतकथा झाली. तिच्या झगमगाटात त्या शर्यतीतले डोके मात्र काहीसे झाकले गेले.

१० सप्टेंबरच्या उन्हाचा ताप टाळण्यासाठी शर्यत संध्याकाळी सुरू झाली. सुरुवातीच्या टप्प्यात आघाडी इतरांकडे होती आणि अबेबेने ती त्यांच्याकडे राहू दिली. मोरोक्कोचा राधी बेन अब्देसलाम हा धोक्याचा प्रतिस्पर्धी असल्याचे त्याला आधीच सांगितले होते. त्याचा क्रमांक २६ असेल अशी माहिती होती. प्रत्यक्षात राधी १८५ क्रमांक लावून धावत होता. अर्ध्या शर्यतीच्या सुमारास इतर मागे पडले आणि दोघेच उरले. आपल्या खांद्याला खांदा लावून धावणारा हाच राधी आहे, हे अबेबेला माहीत नव्हते, असे पुढे सांगितले गेले. पुढे कुठेतरी २६ क्रमांकाचा माणूस असेल, या समजुतीने तो धावत राहिला, पण त्याला गाठण्याच्या घाईत त्याने आपली लय मोडली नाही. शर्यतीतला हा संयम फार अवघड असतो. प्रतिस्पर्धी दिसत नसला की मन सैरभैर होते आणि पाय मनाच्या मागे धावू लागतात.

अंधार पडला. प्राचीन आप्पियन मार्गाच्या कडेला सैनिक मशाली घेऊन उभे होते. शेवटच्या टप्प्यात, अंतिम रेषा फार दूर नसताना, अक्सुमचा प्राचीन स्तंभ होता. इथिओपियावरील आक्रमणानंतर मुसोलिनीच्या राजवटीने तो तिथून उचलून रोममध्ये उभा केला होता. शर्यतीपूर्वी मार्गाची पाहणी करताना निस्कानेन आणि अबेबे यांनी नेमकी हीच जागा हेरून ठेवली होती. इथून पुढे थोडा चढ होता आणि निर्णायक मुसंडी इथेच मारायची, असे ठरले होते. तोवर राखून ठेवलेली सारी ताकद अबेबेने तिथे मोकळी केली. कॉन्स्टंटाइनच्या कमानीखाली तो २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंदांत पोहोचला. राधी सुमारे २५ सेकंद मागे राहिला. रशियाच्या सर्गेई पोपोव्हची जागतिक सर्वोत्तम वेळ अबेबेने एका सेकंदाहूनही कमी फरकाने मोडली होती. ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी ठरला.

या वेळेचा हिशेब मांडला तर दर किलोमीटरला सरासरी सुमारे ३ मिनिटे १२ सेकंद पडतात. पण सरासरी फसवी असते. शर्यत जिंकली गेली ती शेवटच्या थोड्या अंतरात, आणि ते अंतर हाती यावे म्हणून त्याआधीचे ४० किलोमीटर अबेबेने स्वतःला आवरून धरले होते. वेगाचे नियोजन म्हणजे ताकद कुठे खर्च करायची नाही याचा निर्णय.

टोकियोची परीक्षा निराळी होती. २१ ऑक्टोबर १९६४ ची ती शर्यत जेमतेम पाच आठवड्यांवर आली असताना अबेबेचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले होते. सरावाला सक्तीचा खंड पडला. अशा वेळी सावधपणे मागे राहणे कोणालाही शहाणपणाचे वाटले असते. पण ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कने सुरुवातीपासूनच वेग चढा ठेवला, आणि अबेबे त्याच्या मागोमाग राहिला. क्लार्क मागे पडला. आयर्लंडचा जिम होगन काही काळ टिकला, मग तोही सुटला. उरलेले अंतर अबेबे एकटाच धावला. रोममध्ये निदान सोबतीच्या पावलांचा ठोका होता. इथे सोबत कोणी नव्हते, पाठलागाची धास्ती नव्हती, आणि म्हणूनच सैल पडण्याचा मोह मोठा होता. तो सैल पडला नाही. २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंद ही नवी जागतिक सर्वोत्तम वेळ त्याने नोंदवली आणि दुसऱ्या क्रमांकापेक्षा तो चार मिनिटांहून अधिक पुढे राहिला. ऑलिंपिकची मॅरेथॉन लागोपाठ दोनदा जिंकणारा तो पहिलाच. अंतिम रेषा ओलांडल्यावर तो मैदानात हातपाय ताणण्याचे व्यायाम करू लागला, तेव्हा प्रेक्षक थक्क झाले.

त्याच शर्यतीत आणखी एक कहाणी घडली. जपानचा कोकिची त्सुबुराया दुसऱ्या क्रमांकावर स्टेडियममध्ये शिरला, पण घरच्या प्रेक्षकांसमोर अखेरच्या फेरीत ब्रिटनच्या बेसिल हीटलीने त्याला मागे टाकले. जपानने त्याच्या कांस्यपदकाचे कौतुक केले. त्याने मात्र स्वतःला अपराधी मानले आणि पुढच्या ऑलिंपिकमध्ये भरपाई करण्याचे ओझे उचलले. पाठीचे दुखणे बळावले, शरीर साथ देईना. जानेवारी १९६८ मध्ये त्याने आपले जीवन संपवले. आता आपल्याच्याने धावणे होत नाही, इतका आपण थकलो आहोत, अशा आशयाची चिठ्ठी त्याने मागे ठेवली. त्याच्यात चिकाटीची कमतरता होती, असे कोण म्हणेल? थांबण्याची मुभा त्याला कोणी दिली नाही, आणि त्याने स्वतःही ती घेतली नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेक्सिको सिटीत अबेबे तिसऱ्यांदा उतरला. सुमारे २२४० मीटर उंचीवरच्या त्या शहरात सलग तिसरे सुवर्ण तो मिळवील, अशी आशा साऱ्या जगाला होती. पण त्याचा पाय आधीपासूनच दुखावलेला होता. सुमारे १७ किलोमीटरनंतर तो शर्यतीतून बाजूला झाला. जाण्यापूर्वी त्याने सहकारी मामो वोल्देला आपण थांबत असल्याचे कळवले आणि देशासाठी ही शर्यत तू जिंक, असे सुचवले, अशी आठवण मामोने सांगितली आहे. मामोने ती जिंकली. सम्राटाचा लाडका सैनिक, दोन सुवर्णांचा मानकरी, साऱ्या खंडाची आशा ज्याच्यावर टेकली होती असा माणूस जगासमोर रस्त्याच्या कडेला उभा राहिला. रोमची मुसंडी मारायला जेवढे बळ लागले असेल, त्याहून हे पाऊल सोपे होते असे वाटत नाही.

नियतीने त्याला फार उसंत दिली नाही. मार्च १९६९ मध्ये इथिओपियात त्याची मोटार उलटली आणि पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात दीर्घ उपचार झाले. हातांत बळ परतले, पाय मात्र कायमचे गेले. त्या पायांवर एका देशाची ओळख उभी होती. विजय ज्या ईश्वरेच्छेने लाभले तिचाच हा अपघातही भाग मानून त्याने तो स्वीकारल्याचे सांगतात. पण त्याचा स्वीकार हताशेचा नव्हता. १९७० मध्ये स्टोक मँडेव्हिलच्या क्रीडास्पर्धेत चाकाच्या खुर्चीत बसून तो तिरंदाजी खेळला. पुढल्या वर्षी नॉर्वेत पाहुणा म्हणून गेला असता तिथेही स्पर्धेत उतरला आणि कुत्र्यांनी ओढलेल्या घसरगाडीची शर्यत त्याने जिंकली.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला तो सन्माननीय पाहुणा होता. प्रेक्षकांनी उभे राहून त्याला मानवंदना दिली, आणि मॅरेथॉनचे सुवर्ण मिळवणारा अमेरिकेचा फ्रँक शॉर्टर पदक स्वीकारल्यावर त्याच्याशी हस्तांदोलन करायला गेला. २५ ऑक्टोबर १९७३ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने अबेबेचे निधन झाले. वय अवघे ४१. अंत्ययात्रेला हजारोंचा जनसमुदाय लोटला आणि सम्राटही उपस्थित राहिले. रोममधला तो अक्सुमचा स्तंभ २००५ मध्ये इथिओपियाला परत मिळाला.

आपल्या व्यवसायांच्या जगात न थांबणाऱ्याचे गुणगान फार होते. अबेबेची आठवण काढताना तेथेही रोमचा अनवाणी विजयच सांगितला जातो. मेक्सिकोतला सतरावा किलोमीटर सहसा वगळला जातो. यंदा जे शर्यतीला उभे राहतील, त्यांनी रोमइतकीच त्या सतराव्या किलोमीटरचीही आठवण सोबत ठेवावी.