हिमयुगांचे गणित मांडणारा अभियंता

ध्रुवीय बर्फाचे थर कसे वाढतात आणि कसे वितळतात, याचा अभ्यास आज महासंगणकांवरील गणिती प्रारूपांच्या साहाय्याने केला जातो. हिमयुगांच्या काळात डोकावणाऱ्या अशा कोणत्याही प्रारूपाला आधी एक माहिती पुरवावी लागते. हजारो वर्षांपूर्वी कोणत्या अक्षांशावर, कोणत्या ऋतूत सूर्याची किती उष्णता पोहोचत होती, ही ती माहिती. संगणक अस्तित्वात नसताना ही आकडेमोड हाताने पूर्ण करणारे शास्त्रज्ञ म्हणजे मिलुतिन मिलानकोविच.

डॅन्यूब नदीकाठच्या दाल्य या गावी २८ मे १८७९ रोजी एका सर्ब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते. आज ते क्रोएशियात आहे. व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन १९०४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर पूल, धरणे आणि प्रबलित काँक्रीटच्या बांधकामांत त्यांनी नाव कमावले, पेटंटेही मिळवली. व्यवसायात असा जम बसला असतानाच १९०९ मध्ये बेलग्रेड विद्यापीठाने त्यांना उपयोजित गणिताचे प्राध्यापकपद देऊ केले. वेतन बरेच कमी असूनही त्यांनी ते स्वीकारले.

तिशी ओलांडलेल्या या नव्या प्राध्यापकाला आयुष्यभर पुरेल असा प्रश्न हवा होता. तो त्यांना हिमयुगांच्या कोड्यात सापडला. पृथ्वीच्या भ्रमणातील संथ बदलांमुळे हिमयुगे येतात, ही कल्पना नवी नव्हती. स्कॉटलंडच्या जेम्स क्रोल यांनी ती एकोणिसाव्या शतकातच मांडली होती. पण पुरावे जुळत नसल्याने ती मागे पडली होती. भूगर्भशास्त्रज्ञांना त्यातील गणित परके होते आणि खगोलशास्त्रज्ञांना बर्फाशी कर्तव्य नव्हते. दोन शास्त्रांच्या सीमेवरील ही पडीक जमीन कसण्याचे मिलानकोविच यांनी ठरवले. १९१२ पासून त्यांचे या विषयावरील निबंध प्रसिद्ध होऊ लागले.

त्यांचा हिशेब तीन चक्रांवर उभा आहे. पृथ्वीच्या कक्षेचा लंबगोलपणा सुमारे एक लाख वर्षांच्या आवर्तनाने कमीजास्त होतो. आसाचा कल सुमारे ४१ हजार वर्षांत २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान बदलतो. शिवाय आस भोवऱ्यासारखा डुलत असल्याने ऋतूंचे कक्षेतील स्थान सरकत राहते. पंचांग जाणणाऱ्यांना हे संपातचलन परिचित आहे. या तिन्हींच्या मिलाफातून प्रत्येक अक्षांशाच्या वाट्याला येणारी उष्णता बदलत जाते.

१९१४ मध्ये विवाहानंतर ते पत्नीसह दाल्यला गेले असताना पहिले महायुद्ध पेटले. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना अटक झाली आणि ओसियेकच्या किल्ल्यात डांबण्यात आले. सोबतच्या बॅगेतील कागद काढून त्यांनी कोठडीतच गणित पुढे चालू ठेवले. व्हिएन्नातील त्यांचे जुने प्राध्यापक एमानुएल चुबर यांच्या खटपटीने त्यांची सुटका झाली आणि बुडापेस्टमध्ये नजरकैदेत राहण्याची परवानगी मिळाली. तेथील विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात बसून त्यांनी पृथ्वीच्याच नव्हे, तर मंगळाच्या हवामानाचेही गणित मांडले. हे सारे काम १९२० मध्ये पॅरिस येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

तो ग्रंथ वाचून हवामानशास्त्रज्ञ व्लादिमिर कोपेन यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. हिमयुगासाठी कडाक्याचा हिवाळा नव्हे, तर थंड उन्हाळा निर्णायक असतो, असे कोपेन यांनी सुचवले. हिवाळ्यात पडलेला बर्फ उन्हाळ्यात वितळला नाही, तरच थरावर थर साचत जातो. क्रोल यांनी भर दिला होता तो हिवाळ्यावर. मिलानकोविच यांनी सुमारे शंभर दिवस अखंड आकडेमोड करून उत्तर गोलार्धातील ५५, ६० आणि ६५ अंश अक्षांशांवरील उन्हाळी उष्णतेचा साडेसहा लाख वर्षांचा आलेख तयार केला. कोपेन आणि त्यांचे जावई आल्फ्रेड वेगेनर यांनी १९२४ च्या आपल्या ग्रंथात तो समाविष्ट केला. पुढे मिलानकोविच यांनी हिमरेषेच्या उंचीचे आणि बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उष्णतेचे गणितही त्यात गुंफले.

तीन दशकांच्या कामाचा महाग्रंथ १९४१ मध्ये छापून होत आला, तोच ६ एप्रिलला जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बॉम्बफेक केली. छापखाना उद्ध्वस्त झाला. सुदैवाने छापलेले बहुतेक कागद बचावले. मात्र महायुद्धानंतर वाऱ्याची दिशा पालटली. १९५० च्या दशकात रेडिओकार्बन पद्धतीने काढलेली कालमापने त्यांच्या आलेखाशी जुळेनात आणि अनेकांनी हा सिद्धांत बाजूला सारला. १२ डिसेंबर १९५८ रोजी बेलग्रेडमध्ये मिलानकोविच यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या आयुष्यभराच्या कामावर शंकेचे सावट होते.

ते दूर होण्यास आणखी १८ वर्षे लागली. जेम्स हेज, जॉन इम्ब्री आणि निकोलस शॅकल्टन यांनी दक्षिण हिंदी महासागराच्या तळातून काढलेल्या गाळाचा अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे साडेचार लाख वर्षांच्या त्या नोंदीत पृथ्वीच्या भ्रमणाची तिन्ही चक्रे उमटलेली आढळली. पाठोपाठ १९७८ मध्ये बेल्जियमचे आंद्रे बर्जर यांनी ही गणिते अधिक अचूकपणे मांडली. ती आजही हवामान प्रारूपांत वापरली जातात.

तरीही कोडे पूर्ण सुटलेले नाही. गेल्या काही लाख वर्षांत हिमयुगे साधारण लाख वर्षांच्या अंतराने आली, परंतु कक्षेच्या लंबगोलपणाने उष्णतेत पडणारा फरक फारच अल्प आहे. बर्फाच्या भाराने खचणारा भूभाग आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड यांनी हा क्षीण इशारा कसा वाढवला, याचा शोध प्रारूपांतून सुरू आहे. सध्याची वेगवान तापमानवाढ मात्र या संथ चक्रांनी होणारी नाही. ती मानवनिर्मित वायूंची आहे, हेही याच गणिताच्या आधारे ठामपणे सांगता येते. हिमयुगांतील बर्फाच्या प्रारूपांवर संशोधनाची सुरुवात करणारा तरुण आज संगणकाला जो पहिला आलेख पुरवतो, त्याचे मूळ मिलानकोविच यांच्या हातच्या आकडेमोडीत आहे.