हातांची भूक

आमच्या बालरुग्ण ओपीडीत रोज तीन-चार आया एकच तक्रार घेऊन येतात. मूल जेवत नाही, भुकेचं टॉनिक लिहून द्या. तपासून, वजन करून, रक्तक्षय किंवा जंत नाहीत याची खात्री झाली की मी विचारते, घरात ताटं कोण घेतं? आई बुचकळ्यात पडते. हा प्रश्न मी मारिया मॉन्टेसरी यांच्याकडून उचलला आहे. त्यांचं नाव गल्लोगल्ली बालवाड्यांच्या पाट्यांवर दिसतं, पण त्या मुळात डॉक्टर होत्या हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतल्या चिआराव्हाले गावी त्यांचा जन्म झाला. १८९६ मध्ये रोम विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. इटलीतल्या अगदी पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी त्या एक. नोकरीच्या निमित्ताने त्या मनोरुग्णालयांत जात. तिथे मतिमंद मुलं मोठ्या रुग्णांसोबतच कोंडलेली असत. सांभाळणारी बाई वैतागून सांगे, जेवण झालं की ही हावरट मुलं जमिनीवर पडून पावाचा चुरा वेचत बसतात. मॉन्टेसरींनी खोलीत नजर फिरवली. हातात धरता येईल अशी एकही वस्तू तिथे नव्हती. मुलांचं पोट भरलेलं होतं, भुकेले होते ते हात. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं बीज मला या चुऱ्यात दिसतं.

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह सुरू केलं. मुलांच्या उंचीची टेबलं, त्यांना उचलता येतील अशा खुर्च्या, आणि काचेच्या-चिनी मातीच्या खऱ्या बशा. बशी फुटू शकते हे कळलं की मूल ती जपून धरतं, असा त्यांचा हिशेब. (आपण स्टीलची वाटीसुद्धा हातातून काढून घेतो.)

मग २८ डिसेंबर १९०८ चा मेसिनाचा भूकंप. ढिगाऱ्यांत एकटी सापडलेली सुमारे साठ मुलं रोममधल्या एका ख्रिस्ती मठात आणली गेली. त्यांची नावंही कुणाला माहीत नव्हती. ती बोलत नसत, नीट जेवत नसत, रात्री झोपेत किंचाळत. मॉन्टेसरी पद्धतीने तिथल्या जोगिणींनी त्यांना कामं दिली. टेबल मांडायचं, गरम सुपाचं भांडं न सांडता आणायचं, सगळ्यांना वाढायचं. सुरुवातीला भूक नव्हती, पण वाढण्यात मुलं रमली. हळूहळू भूक परतली, मग झोप, मग हसणं. आजच्या भाषेत तो मानसिक आघात होता. औषध म्हणून नेमकं काय लागू पडलं, ते मोजणारं कुणी तिथे नव्हतं, पण डॉक्टर म्हणून ही हकीकत मला कधी विसरता आली नाही.

१९३९ मध्ये मॉन्टेसरी मद्रासला आल्या. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरला आणि इंग्रज सरकारने त्यांचा मुलगा मारिओ याला अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केलं. त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला त्याची सुटका झाली. याच विचारांवर वाढलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी बिया, पानं, शंख-शिंपले मुलांच्या हाती दिले. मॉन्टेसरी १९५२ मध्ये हॉलंडमध्ये वारल्या.

टॉनिकबद्दल एवढंच सांगते, पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं, त्यानंतर वर्षाला दोन-अडीच किलोच वाढतं. म्हणजे भूक कमी होणं बहुतेकदा स्वाभाविकच असतं. नवी भाजी मूल दहा वेळा नाकारून अकराव्यांदा खातं. मोबाइल दाखवून भरवलेला घास त्याला आठवतही नाही.

टॉनिक मागणाऱ्या एका आईला मी सांगितलं, मुलाला मटार सोलायला बसवा, पोळपाटावर कणकेचा गोळा द्या, ताटं घेऊ द्या. महिन्याने ती परत आली, ती नवी तक्रार घेऊन. चार वर्षांचं पोर निम्मे मटार पातेल्यात पडायच्या आधीच फस्त करतं, भाजीला उरतच नाहीत.